बेचाळीस लिटर

"पिंपात किती पाणी मावतं, ते कसं काढायचं?"

मुलीनं वही पुढं सरकवली. वाचनालयातल्या गृहपाठाच्या टेबलाशी ती आज पहिल्यांदाच आली होती. निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई रोज संध्याकाळी तिथं बसायच्या. कुठल्याही इयत्तेनं यावं, कुठलाही विषय विचारावा. मुलीनं मापं लिहून आणली होती. तीस सेंटिमीटर रुंद, साठ उंच. बाईंनी सूत्र सांगितलं. उत्तर आलं बेचाळीस लिटर.

"उन्हात बसलेल्या माणसाला दिवसाला किती पाणी लागतं?"

गणितातून एकदम विज्ञानात! "चार लिटर धर," बाई म्हणाल्या.

"समुद्राचं पाणी गाळून पिता येतं?"

"छे गं! मीठ काही फडक्यात अडकत नाही."

"आणि या दिवसांत समुद्रावर वारा कुठून कुठं वाहतो?"

बाईंनी नकाशा उघडला. शेजारी दोन पोरं क्रियापदावरून हमरीतुमरीवर आली होती, पण बाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. चाळीस वर्षं शिकवूनही असा गृहपाठ त्यांनी पाहिला नव्हता. कोण बरं हा मास्तर?

मुलीनं भागाकार केला आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. "आता शेवटचं. अर्जाचा मायना कसा लिहितात?"

"अर्ज कुणाला करायचाय?"

"बंदरावरच्या साहेबांना. बाबा होडी घेऊन गेले, त्याला आज सात दिवस झाले. साहेब म्हणतात, पाण्यावाचून इतके दिवस कुणी जगत नाही. उद्यापासून शोध बंद." तिनं वहीतल्या दोन रेघांवर बोट ठेवलं. "पण निघताना पिंप मी भरून दिलं होतं. काठोकाठ. दहा दिवस पुरतं."

बाईंनी वही मिटून तिच्या हातात दिली. "मायना वाटेत सांगते," त्या म्हणाल्या. "चल, ऊठ."

साहेबांनी वही दोनदा वाचली. "पिंपाचं आम्हाला कुणी बोललंच नव्हतं," ते पुटपुटले. मग त्यांनी नकाशावर वाऱ्याच्या दिशेनं शोधाची रेघ पुढं वाढवली आणि शोधनौकेला निरोप धाडला.

नवव्या दिवशी दुपारी त्यांनी दोघींना बोलावून घेतलं आणि फोन मुलीच्या हातात दिला.

मुलीनं तो कानाला लावला. पलीकडून घोगरा, थकलेला आवाज विचारत होता, "जेवलीस का गं?"