बारावा गडी

खुशालनं हातातल्या छपराच्या कवेलूच्या तुकड्याकडे पाहिलं, मग समोरच्या खुर्चीवरच्या जागेश्वरकडे पाहिलं, आणि विचारलं, "काय कराचं याचं?"

"ओला का सुका, ते सांग बे."

तुकड्याच्या एका बाजूला जागेश्वरनं नेहमीसारखी थुंकी लावून ठेवली होती. चाळीस वर्षं त्यांचा टॉस असाच व्हायचा, आणि चाळीस वर्षं खुशाल 'सुका' म्हणूनच अडून बसायचा. हरला की तुकडाच खोटा आहे म्हणायचा.

"तुमीच म्हना," खुशाल म्हणाला आणि तुकडा परत दिला.

ते 'तुमी' जागेश्वरला कुठंतरी आत लागलं. खुशाल आता गाव सोडून भंडाऱ्याला पोरीकडे राहायचा; फाटक उघडतानाच त्या पोरीनं, रीनानं, सांगितलं होतं, "काका, आठ दिवस झाले, बाबा मानसं ओळखून नाही राहिले. परवा मलेच माय म्हनलं." जागेश्वरनं ते हसण्यावारी नेलं होतं. बाकीच्यांचं राहू दे, मले नाही ओळखलं तं कोनाले ओळखते तो, असं म्हणून तो ऐटीत आत आला होता. मळणी तशीच टाकून, आंधळगावहून भंडाऱ्यापर्यंत एसटीत उभ्यानं, दर ऐतवारसारखाच.

त्यानं जुन्या कॅलेंडरचं पान मांडीवर उलटं घेतलं, मधोमध रेघ मारली. डावीकडे स्वतःचं नाव, उजवीकडे खुशालचं. आजवरच्या सगळ्या क्रिकेटवाल्यांतून दोन टीमा काढायच्या. एक गडी मी घेणार, एक तू; माझा गडी तुला मिळणार नाही. म्हणून तर भांडण पेटायचं. आणि अकरा झाले की बारावा मात्र आंधळगावचाच, कारण ब्रॅडमनला पाणी आणायला कोण सांगणार?

जागेश्वर दर वेळी बारावा म्हणून खुशालचं नाव लिहायचा. खुशालनं मात्र चाळीस वर्षांत एकदाही त्याला घेतलं नव्हतं. डोमाला घेतलं, कोतवालाला घेतलं, एकदा तर पायानं अधू असलेल्या चक्कीवाल्यालाही घेतलं. मोहाडीच्या टूर्नामेंटमध्ये जागेश्वरच्या हातून एक सोपा कॅच सुटला होता, त्याची ही शिक्षा. "तू पान्याचा गिलासही सोडशील बे," खुशाल म्हणायचा. चौकात हशा पिकायचा, जागेश्वरही हसायचा. घरी गेल्यावर मात्र ते बराच वेळ सलत राहायचं.

"माझा पहिला गावस्कर," जागेश्वर म्हणाला. "आता तू."

खुशाल फाटकाकडे पाहत होता. त्याचा पहिला गडी कोण, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. विश्वनाथ. ब्रॅडमनच्याही आधी विश्वनाथ. एकदा जागेश्वरनं मुद्दाम विश्वनाथला आपल्याकडे ओढलं, तर खुशाल चौकातून उठून गेला होता आणि आठ दिवस बोलला नव्हता.

जागेश्वरनं पेन उचललं. मोठ्या अक्षरात, खुशालला दिसेल असं, स्वतःच्या बाजूला लिहिलं: विश्वनाथ.

"विश्वनाथ मी घेतला," तो म्हणाला, आणि शिवीची वाट पाहत बसला.

खुशालनं पानावर नजर टाकली. "चांगला खेळते का तो?"

"बरा आहे," जागेश्वर म्हणाला. मग त्यानं ते नाव खोडलं आणि खुशालच्या बाजूला लिहिलं.

पुढचे सगळे गडी त्यानं एकट्यानंच भरले. रिचर्ड्स इकडे, सोबर्स तिकडे. कपिलदेव खुशालला देऊन टाकला, सचिनही दिला. कुणी नाही म्हटलं नाही. दोन्ही टीमा अशा देखण्या कधीच झाल्या नव्हत्या, आणि जागेश्वरला वाटलं, आता आपल्याशी भांडणारं माणूस जगात उरलं नाही. गावी चौकात पोरं असतात, पण ती मोबाइलवर टीम लावतात, आणि त्यांच्या टीमांत त्याच्या ओळखीचं एकही नाव नसतं.

शेवटी बाराव्याची जागा राहिली. सवयीनं त्यानं आपल्या बाजूला खुशालचं नाव लिहिलं. खुशालच्या बाजूला तो डोमा लिहिणारच होता, तेवढ्यात खुशालचं बोट त्या कोऱ्या जागेवर आलं.

"इथं कोन?"

"बारावा. आंधळगावचा पायजे."

"आंधळगावचा तं जाग्या आहे," खुशाल म्हणाला. आवाज एकदम पहिल्यासारखा, ठणठणीत. "जाग्या लिहा."

जागेश्वरचं पेन हातातच राहिलं. "त्याच्या हातून कॅच सुटते म्हन्ते ना."

"सुटू द्या. एक तं सुटला, त्याचं काय एवढं? दर ऐतवारी येते बिचारा, यष्टीत उभ्यानं. एक दिवस चुकत नाही." खुशालनं फाटकाकडे पाहिलं. "आजच काहून नाही आला, कोनजाने. तुमी ओळखता का त्याले?"

"ओळखतो."

जागेश्वरनं खुशालच्या बाजूला, विश्वनाथच्याच रांगेत सगळ्यात खाली, स्वतःचं नाव लिहिलं.

खुशालनं ते पाहून मान हलवली. मग पुढं झुकून हळूच म्हणाला, "पन आला तं सांगू नका त्याले. मंग फुगते तो."

"नाही सांगत," जागेश्वर म्हणाला, आणि खुर्ची वळवून तोही फाटकाकडे पाहत बसला.