आधी बातमी, मग पाणी
"पाचच मिनिटं हं," एचआरच्या मॅडम म्हणाल्या आणि मान वर न करता खुर्चीकडे बोट दाखवलं.

हजेरीचं सॉफ्टवेअर विकणारी बाई बसली. पाच मिनिटं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. या धंद्यात पडण्याआधी तिनेही एचआरच्या अशाच केबिनमध्ये कित्येक वर्षं काढली होती. तेव्हा दारातला प्रत्येक विक्रेता तिला पायात घोटाळणाऱ्या मांजरासारखा वाटायचा. आता मांजर आपणच, म्हणत तिने लॅपटॉप बाहेर काढला.

आणि हात थांबला. टेबलावर टिश्यूचा न फोडलेला डबा होता. शेजारी पाण्याचा झाकलेला ग्लास, एकच. पलीकडची खुर्ची काचेच्या भिंतीकडे पाठ करून ठेवलेली, बसणाऱ्याचं तोंड बाहेर दिसू नये म्हणून.

"आज कुणाला काढताय?" तिने हळूच विचारलं.

मॅडमची कीबोर्डवरची बोटं थबकली. परक्या बाईला असलं सांगू नये, पण त्यांना राहवेना. "स्टोअरमधल्या मामांना. वरून आलंय. मी नवीन होते तेव्हा कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं, हा माणूस रोज आपला डबा माझ्यापुढे सरकवायचा. आता यांना कुठल्या तोंडाने सांगू?"

"आधी बातमी सांगा, मग पाणी द्या," बाई म्हणाली. "पाणी आधी दिलं की माणूस थँक्यू म्हणतो. मग आपली जीभच उचलत नाही. मी इकडच्या तिकडच्या गप्पा मारत बसायचे, आणि समोरच्याला वाटायचं, पगारवाढ आहे!"

हसण्यासारखं होतं, पण दोघींनाही हसू आलं नाही.

"आणि त्यानंतर लगेच दुसरं काम ठेवू नका. मी ठेवायचे. घड्याळाकडे बघत घालवलं मी लोकांना. फार चुकलं माझं."

ही भेट मिळवायला तिने किती फोन केले होते! तरी तिने लॅपटॉप मिटला.

"अहो, तुमचं दाखवायचं राहिलं की."

"राहू द्या. माझं सॉफ्टवेअर काही आंबत नाही."

"थोडं थांबता का? नुसत्या बसा."

"मी थांबले तर तुम्ही माझ्याशीच बोलत बसाल. बोलवा त्यांना."

मॅडमनी फोन उचलला. बाईने सामान आवरून दार उघडलं, तोवर मामा येऊन ठेपलेच होते. कमरेला स्टोअरच्या किल्ल्यांचा जुडगा, केसांवर नुकताच पाण्याचा हात फिरवलेला. तिला जाता यावं म्हणून त्यांनी दार धरून ठेवलं. तिचा उतरलेला चेहरा बघून त्यांना वाटायचं तेच वाटलं.

"नाही म्हणाल्या का? मनावर घेऊ नका हो," ते आवाज खाली आणून म्हणाले. "कामाचा डोंगर असतो बिचारीवर. पुढच्या आठवड्यात या, आधी मला हाक मारा. मी शब्द टाकतो तुमच्यासाठी. मी काय, इथेच असतो."