वासाची तक्रार

"अजून घाण वास येतोय! याची डुकरं बंद करा!" सरपंचांना ओढत आणून शेजारच्या ओकबुनकाकू माझ्या फाटकाशी ओरडत होत्या. पुन्हा वास आला तर शेडला कुलूप, असं गावात ठरलंच होतं.

मी दोघांना शेडमागे नेलं. तिथे झाडांच्या सालींनी भरलेली नवी भिंत आहे. शेडमधली हवा पंखे तिच्यातून बाहेर सोडतात आणि सालींत वाढणारे जंतू त्यातली घाण खाऊन टाकतात. सरपंचांनी भिंतीला नाक लावलं. "नुसता ओल्या पाचोळ्याचा वास आहे."

"मग मला काय भास होतोय?" काकू भडकल्या.

"नाही, वास आहे खरा," म्हणत सरपंच हुंगत निघाले. कुंपण ओलांडून ते थेट काकूंच्याच खोलीच्या दाराशी थांबले. आत खालून तापवलेल्या जमिनीवर, गोधडीखाली, चोंगुकजांगच्या उग्र वासाच्या रश्श्यासाठी टोपलीभर सोयाबीन आंबत होतं.

मला हसू आवरेना. काकूंनी मात्र गोधडी उचलली, टोपलीवर वाकून मोठा श्वास घेतला. मग आणखी एक.

"आंबलं की नाही ते वासावरूनच कळतं रे," त्या हळूच म्हणाल्या. "तुझी शेड आल्यापासून तिच्या घाणीत हा वास कळायचाच नाही, नुसता अंदाज. दरवेळी फुकट जायचं. मला वाटायचं, सासूबाईंची चव माझ्या हाताला नाहीच."

"मग तक्रारीचं काय करायचं?" सरपंचांनी विचारलं.

"कसली तक्रार?" काकू डाफरल्या. "चपला काढा अन् जेवायला बसा दोघं. आज जमलंय!"