गिअरची मूठ

चौथा गिअर पडताच दांड्यावरची नवी मूठ पुन्हा खडखडली. गौतमी गाडी चालवणाऱ्या धाकट्या भावाला म्हणाली, "नाव निनाद ठेवलं म्हणून बाबांची गाडीही वाजवायलाच हवी का? घे बाजूला."

बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता आणि याने त्यांच्या गाडीला लाल, चमचमती मूठ लावली होती. स्पोर्टी म्हणे! गौतमीने ती फिरवून काढली. खालचे आटे लख्ख होते.

"इथे दोरा होता ना?"

"मळका होता, ताई. काढून टाकला."

"शाबास! नळाच्या आट्यांना गुंडाळतात तसा बाबांनी तो गुंडाळला होता, मूठ हलू नये म्हणून. त्यांची मूठही मळकीच असेल. कुठल्या उकिरड्यात टाकलीस?"

निनादने डॅशबोर्डचा खण उघडला. रुमालात बांधलेली काळी मूठ निघाली. बाबांच्या तळव्याने तिच्यावरचे आकडे कधीच पुसून टाकले होते.

"ही धरली की बाबांचा हात धरल्यासारखं होतं. मग समोरचा रस्ता दिसत नाही."

गौतमीने ओढणीचा दोरा उसवला, आट्यांना गुंडाळला आणि काळी मूठ घट्ट बसवली.

"उतर," ती म्हणाली. "मी चालवते."