उखाचे कान

"बोल ना! तोंडात काय धागा कोंबलाय?"

शालिग्राम कोर्टाच्या पार मधोमध जाऊन ओरडला. उखा त्याच्यापासून चार हातांवर. बॉल छातीशी, मान खाली. जवाब नाही.

शालिग्रामने शिट्टी फुंकली. ही पण भंगार निघाली. महिन्यातली तिसरी. नुसती हवा जाते. त्याने ती गळ्यातून उपटली आणि कंपाउंडच्या पलीकडे भिरकावली. बाकीची पोरं जागच्या जागी थांबून त्याच्याकडे बघत राहिली.

"माझं तोंड काय बघता? गोल फेऱ्या! वीस!"

शालिग्राम चोवीस वर्षांचा. गुजरातेत, गोडादऱ्याच्या मराठी वस्तीत वाढलेला. बाराव्या वर्षापासून बापाबरोबर साडीच्या कारखान्यात लूमवर, आणि शाळा-कॉलेज पाळ्या सांभाळून. जूनमध्ये कॉलेजने त्याला बास्केटबॉलचा कोच म्हणून घेतलं, एका वर्षापुरतं. टीम तेव्हा सलग अकरा मॅच हरलेली. पहिल्याच आठवड्यात त्याने स्कूटरवर येणारी, घाम आला की सावलीत पळणारी पोरं काढून टाकली आणि लूमवर काम करून शिकणारी घेतली. राघो, उखा, सगळी तशीच.

लूमच्या खडखडाटात कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, म्हणून कारागीर हाताने बोलतात. धागा तुटला की दोन बोटं, बॉबिन संपली की मूठ. शालिग्रामने तेच कोर्टावर आणलं. दोन बोटं म्हणजे पास दे. मूठ म्हणजे मागे फिर. दिवाळीपर्यंत टीमने पाच मॅच मारल्या.

पण खूण बघायची तर मान वळवावी लागते, आणि तेवढ्यात बॉल जातो. "एकमेकांना हाका मारा रे," त्याने शंभरदा सांगितलं. पोरं मुक्यासारखी खेळायची. त्यात उखा सगळ्यात वाईट. खेळायला वाघ, आणि विचारलं तर नुसते ओठ हलवणार, कोणाला शिव्या घातल्यासारखे.

बारडोलीची मॅच त्यातच गेली. शेवटच्या मिनिटाला बॉल उखाकडे, राघो मोकळा. शालिग्राम रेषेवरून बोंबलतोय, पास दे, पास दे! उखा बॉल खाली ठेवून उभा. शालिग्राम आत धावला तर पंच आडवा आला. म्हणे मी खेळ थांबवलाय.

"कधी थांबवला? शिट्टी तर वाजवली नाय!"

पंच बारडोलीचाच. त्याने कोचच्या नावावर फाउल लावला. दोन फ्री थ्रो. एका पॉइंटने हरले.

प्रिन्सिपलने टेबलावर हात आपटला. "शनिवारी चलथाणशी मॅच. हारला तर टीम बंद. अने तू पाछो लूम पर, परत धागे जोडायला. समजलास?"

"समजलो."

बाहेर येऊन त्याने पहिलं काम केलं. उखाला टीममधून काढलं.

राघो कॅप्टन. तो येऊन बरोबर समोर उभा राहिला, शालिग्रामचा दंड धरून. "सर, इकडे बघा. उखा नाय तर आम्ही पण नाय."

"का? त्याने काय दिवे लावले? मला जवाब देत नाय तो!"

"देतो, सर."

"माझ्यासमोर तर कधी दिला नाय!"

राघोने उखाकडे बघितलं. उखा बुटाची नाडी बांधत बसला होता. ती आधीच बांधलेली होती.

घरी शालिग्राम भिंतीकडे तोंड करून बसला. त्याच्या आईने, धुरपदाबाईने, ताट आणून त्याच्या पुढ्यात आदळलं.

"कवयनी हाका मारी ऱ्हायनू तुले! भाकर थंडी व्हई गई!"

"डोक्यात शनिवार आहे, आई."

मग ती बापाकडे वळली. त्याला तिने हाक मारली नाही. नुसता खांदा हलवला. पंचवीस वर्षं लूमवर काढलेला माणूस, आता कानाशी ढोल वाजला तरी वळत नव्हता.

शालिग्रामचा घास हातातच राहिला.

उखा. दहाव्या वर्षापासून लूमवर.

आधी त्याला स्वतःचाच संताप आला. सहा महिने तो ज्याला माजोरडा म्हणत होता, त्याला ऐकूच येत नव्हतं! मग शेठ लोकांचा आला. साड्या विकून बंगले बांधतात साले, आणि पोरांच्या कानात कापूस घालायची अक्कल नाही. आता डॉक्टरचा कागद आणायचा आणि प्रिन्सिपलच्या टेबलावर आपटायचा. शनिवारी उखा खेळणार. फक्त खुणांवर. बघू कोण अडवतो.

सकाळी त्याने उखाला कॉलर धरून रिक्षात बसवलं. उखाने राघोकडे बघितलं आणि निमूट बसला. राघोही न सांगता चढला.

"याला ऐकू येत नाय, साहेब," शालिग्राम कानाच्या डॉक्टरला म्हणाला. "लूमवाले आहोत आम्ही. लिहून द्या. घाई आहे."

डॉक्टरने वर बघितलं. मग उखाला पाठमोरं बसवलं, कान तपासायचा लोखंडी चिमटा स्वतःच्या गुडघ्यावर मारला आणि लांब धरला. चिमटा गप्प. उखाने बोट वर केलं. डॉक्टर आणखी मागे सरकले. उखाचं बोट पुन्हा वर.

अंदाजाने करतोय, शालिग्रामला वाटलं. पोरगं लाजतंय.

"खरं सांग रे, उखा! लाज कसली? तुझी काय चूक?"

उखा वळला. त्याचे डोळे भरले होते. राघो खिडकीबाहेर बघत होता.

डॉक्टर खुर्चीत बसले, मान खाली घालून कागद शोधू लागले. त्यांनी काहीतरी खरडलं, कागद सरकवला. सर्टिफिकेट! शालिग्रामने झडप घातली.

गुजरातीत दोनच ओळी होत्या.

पोराचे कान ठणठणीत आहेत.

मी चार वेळा विचारलं, तुम्ही किती वर्षं लूमवर होतात?