तामिरची मागणी

“माग की मग. एवढा घाम कशाला फुटलाय तुला?” राष्ट्राध्यक्ष केनेश म्हणाला.

ओतारनं घोडीच्या दुधाचा वाडगा खाली ठेवला. जॉर्जियाचा राजदूत म्हणून त्याला इथं येऊन आठच महिने झाले होते, पण केनेशशी दोस्ती सोव्हिएत सैन्यातली, चाळीस वर्षांपूर्वीची. एकाच बराकीत दोघं थंडीनं कुडकुडले होते. तिथंच केनेशनं त्याला तामिर, म्हणजे जन्माचा सखा मानलं. तामिरनं मागितलेलं नाकारायचं नसतं. नाकारलं तर या डोंगरी लोकांत तोंड दाखवायला जागा उरत नाही. केनेशनं आजवर ओतारचं घड्याळ मागून घेतलं होतं, एक शिकारी कुत्राही. ओतारनं कधीच काही मागितलं नव्हतं.

“सुयुन दे मला,” तो म्हणाला. “माझ्या दुभाषीचा नवरा. तो संपादक.”

केनेशचं हसू मावळलं.

खाली फाटकापाशी दूतावासाच्या गाडीत आयचुरोक बसून होती. पोलिसांनी नवऱ्याला उचलून नेल्याला नऊ दिवस झाले होते. नऊ दिवसांत ती एकदाही कामावर यायची चुकली नव्हती आणि एक घासही धड जेवली नव्हती. काल मात्र ती म्हणाली, “साहेब, तुमच्याशिवाय मला आता कुणी नाही.” तेव्हापासून ओतारला चैन नव्हतं.

“दुसरं काहीही माग,” केनेश म्हणाला. “घोडे माग. खाणीचं कंत्राट माग, तुझं सरकार तुला डोक्यावर घेऊन नाचेल.”

“मला सुयुन हवाय.”

“अरे, त्याला कधी पाहिलंयस तरी?”

“नाही. त्याच्या बायकोला रोज पाहतोय. तेवढं पुरे.”

केनेश उठून आत गेला. दाराआडून शब्द कळत नव्हते. फोनवर बोलणारा त्याचा नुसता आवाज चढला, पडला, मग बराच वेळ काहीच नाही. ओतारला वाटलं, संपलं. माणूसही गेला आणि मैत्रीही.

अर्ध्या तासानं केनेश परतला, तो आजारातून उठल्यासारखा.

“आणताहेत त्याला. केनेश तामिरला नाही म्हणाला, असं माझ्या मागंही कुणी बोलायला नको. पण आता माझी मागणी ऐक. दूतावासात न्यायचं नाही. आजच्या आज सरहद्दीच्या पुलापलीकडे. फोटो नाहीत, वार्ताहर नाहीत.” तो जरा थांबला. “आणि नऊ दिवसांत माणूस बदलतो बरं का.”

“दिलं,” ओतार म्हणाला. इतकी वर्षं सत्तेत राहूनही गडी शब्दाला जागतोय, याचा त्याला मनापासून अभिमान वाटला.

दुपारी फाटकापाशी बंद गाडीतून एकाला उतरवलं. डोकं भादरलेलं, चेहरा सुजलेला, एक डोळा मिटलेला. पोलिसांनी हात सोडला तरी तो जागचा हलला नाही.

पोलिसप्रमुखानं आयचुरोकपुढं कागद धरला. “नवरा ओळखलात ना, बाई? मग करा सही.”

ती त्या माणसाकडे बघत राहिली. फार वेळ बघत राहिली.

मग “सुयुन!” असं किंचाळत ती धावली आणि त्याच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडू लागली. त्याचं तोंड ओंजळीत धरून ती कितीतरी वेळ कानात काहीबाही सांगत होती. शेवटी त्यानं हळूच मान हलवली. तिनं सही केली.

गाडीत ती पुढं, ड्रायव्हरशेजारी बसली. इथल्या बायका वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याला खेटून बसत नाहीत, हे ओतारला ठाऊक होतं. मागं ओतारशेजारी तो माणूस गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. चौकीवर पोलिस आत डोकावले की तो श्वास रोखून धरी. अशा तीन चौक्या झाल्या. मग पूल आला. पलीकडच्या शिपायानं अडसर वर केला आणि गाडी पार झाली.

“सुटलात!” ओतारनं त्या माणसाच्या खांद्यावर हात टाकला. “आयचुरोक, अगं, आता तरी हस!”

ती मागं वळली.

“साहेब, यांचं खरं नाव विचारून घ्या,” ती म्हणाली. “यांच्या बायकोला कळवायला हवं.”