वाडा कोण दाखवतं?

आजचे पाहुणेही इंद्रभानलाच शोधत आले.

कडूबा सिंदखेडराजाच्या वाड्याच्या दरवाजात कडक फेटा बांधून उभा होता. त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कडूबाच्या अंगाचा तिळपापड झाला. इंद्रभानला येतं काय? मोती तलावाविषयी कोणी विचारलं तर डोकं खाजवतो! कडूबा जिजाऊंच्या जन्माची गोष्ट सांगू लागला, की बायांचे डोळे भरून येत. तरी गर्दी त्या इंद्रभानमागं.

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती आणि वाडा दाखवायला आता एकच माणूस कायम नेमायचं ठरलं होतं. बुलढाण्याचे साहेब सोमवारी येणार होते. लोक ज्याला विचारत येतात, नेमणूक त्याची.

"स्टँडवर कोणीतरी त्याचं नाव पेरून राह्यलं," कडूबा घरी येऊन बायकोवर करवादला.

रुक्मिणीबाई स्टँडवरच पेरू विकायची. "म्या त सगळ्यायले तुमचीच तारीफ सांगून राह्यली," ती म्हणाली.

"आपलं नातं त नाही ना सांगत?"

"नाही बाप्पा! तुमीच त बजावलं. बायकोनं केलेली तारीफ कोणी खरी मानत नाही म्हणे."

कडूबाला बरं वाटलं. म्हणजे उरले दोघं, कंडक्टर आणि हॉटेलवाला शेषराव. इंद्रभाननं त्यांना फितवलं असणार.

रविवारी दुपारी तो स्टँडवरच्या कडुनिंबाआड लपला. जालन्याची एसटी आली. कंडक्टर मुकाट्यानं बिडी ओढत बसला. शेषरावानं भज्यांच्या कढईतून मान वर केली नाही. उतरलेलं एक जोडपं सरळ पेरूच्या पाटीपाशी आलं.

"मावशी, वाडा कोण दाखवतं हो?" त्यातल्या नवऱ्यानं विचारलं.

"दोघं जन हायेत," रुक्मिणीबाई म्हणाली. "पर त्यातले एक असे सांगतात, का वाटते राजाच्या दरबारातूनच उठून आले! त्याइच्यासंगच जा."

झाडामागं कडूबाची छाती फुगली.

"नाव काय त्यांचं?"

रुक्मिणीबाईनं पदर पुढं ओढला. "नाव... त्याइचं नाव नाही घेता येत मले."

पाहुण्यानं घड्याळ पाहिलं. परतीची गाडी पाचची होती. "अहो, मग आम्ही हाक काय मारायची? दुसऱ्याचं तरी सांगा."

"इंद्रभान," ती लगेच म्हणाली.